शंखातील तार

राजाजीनगरातील आमच्या घराच्या गच्चीवर उभे राहिले म्हणजे झाडांच्या शेंड्यांवरून मेट्रोचा उंच पूल दिसतो. १ मार्च २०१४ रोजी त्या पुलावरून पहिली गाडी धावली, तेव्हा माझा डावा कान गेलेला होता आणि उजवा जाण्याच्या वाटेवर होता. पुढे दहाहून अधिक वर्षे ती गाडी माझ्यापुरती मूकपटातल्या गाडीसारखी आली आणि गेली. यंदाच्या वैशाखात, कानामागील शस्त्रक्रियेची जखम भरून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात, माझे नवे यंत्र प्रथम सुरू करण्यात आले. त्या संध्याकाळी मी मुद्दाम गच्चीवर गेलो. गाडी आली. पत्र्याच्या डब्यात मूठभर शेंगदाणे घालून कोणी तो जोराने हलवावा, असे काहीसे मला ऐकू आले. पाठोपाठ तारेवरचा कावळा ओरडला. तोही त्याच डब्यात. सौ.ने जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारली, तीही शेंगदाण्यांचीच. चहा झाला आहे, हे तिच्या ओठांवरून कळले. कानाने त्यात काही भर घातली नाही.

मनाची जी अवस्था झाली ती लपवीत नाही. यंत्र सुरू होताच बहिऱ्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागतात, अशा चित्रफिती हल्ली फोनवर पुष्कळ फिरतात. चिरंजीवांनी त्या मला हौसेने दाखविल्या होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आले, पण त्याचे कारण वेगळे होते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांचा मोठा वाटा मी एका शेंगदाण्याच्या डब्यापायी घालविला, असे मला वाटत होते.

सरकारी नोकरीत एक सवय अंगी मुरते. समोरचे प्रकरण उलगडेनासे झाले, की मागील कागदपत्र मागवावेत. वाचकांपैकी बहुतेकांना ही सवय असेलच. तिने माझी अनेक संकटांतून सुटका केली आहे. तेव्हा या यंत्राचे मागील कागद पाहावेत असे मी ठरविले. हे यंत्र कोणाच्या डोक्यातून निघाले, पहिल्याने कोणाच्या कानात बसले, आणि त्या माणसांना पहिल्या दिवशी काय ऐकू आले? शेवटचा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता. त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती आला, तोच येथे मांडतो आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडे. आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक इवलीशी नळी असते; उलगडली तर ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. ह्या कर्णशंखाच्या दाराशी बारीक, उंच स्वर टिपले जातात आणि आतल्या टोकाशी खर्जाचे. नळीत केसासारख्या सूक्ष्म तंतूंच्या पेशी असतात. ध्वनीच्या लाटेने त्या हलतात आणि श्रवणाच्या मज्जातंतूला निरोप देतात. त्या पेशी मेल्या की कान गेला, मज्जातंतू मात्र पुष्कळदा शाबूत राहतो. टपाल कचेरी उभी आहे, पण पत्रे आणणारा पोस्टमनच उरला नाही, अशी ती स्थिती. कानाला लावायचे नेहमीचे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. परंतु आवाज घेणारेच कोणी उरले नसेल तर मोठा केलेला आवाज कोणाच्या हाती द्यायचा? कॉक्लिअर इम्प्लांट मृत पेशींना वगळून, शंखात सरकवलेल्या बारीक तारेच्या वाटेने थेट मज्जातंतूला विजेचे ठोके देते. कानामागे अडकविलेला भाग आवाज टिपतो, त्याची वर्गवारी करतो, आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेल्या चकतीतून ती माहिती कातडीखालच्या भागाकडे धाडतो. मज्जातंतूचे धागे सुमारे तीस हजार; माझ्या तारेवरची विद्युत्‌-टोके बावीस. हा हिशेब पाहिला तेव्हाच शेंगदाण्यांचे रहस्य अर्धेअधिक उलगडले.

विजेने कानात ध्वनी उमटतो, हे प्रथम अनुभवले ते अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने. विद्युत्‌घट त्याने नुकताच तयार केला होता. घटाच्या दोन टोकांना जोडलेल्या धातूच्या कांड्या त्याने आपल्याच दोन्ही कानांत घातल्या आणि प्रवाह सोडला. डोक्याला हिसका बसला, आणि काही क्षणांनी दाट पदार्थ रटरट शिजावा तसा आवाज येऊ लागला. १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने हा अनुभव कळविला, आणि मेंदूला अपाय होईल या भीतीने प्रयोग पुन्हा केला नाही, असेही सांगितले. म्हणजे या इतिहासातील पहिला आवाज रटरटत्या पिठल्याचा! माझ्या शेंगदाण्यांना एवढे खानदानी पूर्वज आहेत हे वाचून मला पहिल्याने जरा बरे वाटले.

त्यानंतर दीडशे वर्षे विशेष काही घडले नाही. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये शार्ल एरिए या शल्यविशारदाने, आंद्रे जुर्नो या विद्युत्‌-शरीरशास्त्रज्ञाने तयार केलेले वेटोळे एका पूर्ण बहिऱ्या रोग्याच्या डोक्यात बसविले आणि त्याचे टोक श्रवणतंतूच्या उरलेल्या खुंटाला जोडले. त्या गृहस्थाचे दोन्ही कान रोगाने व शस्त्रक्रियांनी गेलेले होते. प्रवाह सुरू झाल्यावर त्याला रातकिड्यांच्या किरकिरीसारखे काही ऐकू आले. एवढ्यावर थांबले असते तर ती व्होल्टाच्याच प्रयोगाची सुधारलेली आवृत्ती ठरली असती. पण या माणसाला पुढे महिनोन्‌महिने शिकविण्यात आले. सराव करून करून तो त्या किरकिरीतून काही मोजके शब्द वेगळे ओळखू लागला: बाबा, आई, आणि फोन उचलताना म्हणावयाचे ‘हॅलो’. यंत्र काही काळाने बिघडले, दुसरे बसविले तेही बिघडले. जुर्नोला आपले संशोधन कोणा कारखानदाराच्या हाती देणे पसंत नव्हते. त्याचे आणि एरिएचे फाटले, आणि प्रकरण तेथेच मिटले. ग्रंथांतून या दोघांची नावे आढळतात. रातकिड्यांच्या किरकिरीतून ‘आई’ हा शब्द वेचून काढणाऱ्या माणसाचा उल्लेख केवळ रोगी म्हणून येतो. माझ्या मते त्या वर्षीचा अर्धा पराक्रम त्याचा होता.

पॅरिसच्या प्रयोगाची बातमी लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस या कानाच्या डॉक्टरांच्या हाती पडली ती एका रोग्यानेच आणून दिल्यामुळे. १९६१ साली त्यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या; परंतु त्या काळची साधने शरीराला सोसत नव्हती, आणि बसविलेले यंत्र लवकरच काढावे लागले. पुढे हृदयाच्या पेसमेकरमुळे शरीरात वर्षानुवर्षे टिकणारी साधने तयार झाली, तेव्हा हाउस यांनी पुन्हा हात घातला, आणि १९७२ च्या सुमारास रोग्याने घरी नेऊन वापरावे असे यंत्र सिद्ध झाले. त्यात एकच तार होती. एका तारेवर भाषण काय कळणार, असा आक्षेप मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांनी घेतला. वादाचा निकाल लावण्यासाठी अमेरिकन सरकारने तेरा रोग्यांची स्वतंत्र तपासणी करविली. १९७७ च्या त्या अहवालाचा निष्कर्ष सरकारी अहवालाला शोभेल असाच आहे. नुसत्या यंत्रावर कोणालाही भाषण समजत नाही; तथापि ओठ वाचताना त्याची मदत होते, स्वतःचा आवाज आवरता येतो, आणि ही माणसे ते वापरीत राहतात. दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असे वाटावे, अशी सोय त्यात आहे. असो. नोव्हेंबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या यंत्राला मान्यता दिली. माणसाच्या एका ज्ञानेंद्रियाचे काम मानवनिर्मित वस्तूकडे सोपविण्यास मिळालेली ती पहिली मान्यता होय.

परंतु बोलणे कळण्याच्या दिशेने खरे पाऊल पडले ते मेलबर्नला. ग्रेम क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येत असे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने आपले दुखणे हलक्या आवाजात सांगावे, आणि वडिलांनी ते मोठ्याने पुन्हा सांगावयास लावावे, हा अवघड प्रसंग मुलाने लहानपणापासून पाहिला. कानाच्या शस्त्रक्रियेचा चांगला चाललेला व्यवसाय सोडून ते संशोधनाकडे वळले. एका तारेने भागणार नाही, शंखात ठिकठिकाणी ठोके देता आले पाहिजेत, हा त्यांचा सिद्धांत. पण अडीच वेढ्यांच्या त्या नाजूक नळीत तारांचा जुडगा सरकवायचा कसा? तो वाटेतच अडके. १९७७ साली सुटीत समुद्रकिनाऱ्यावर बसले असता त्यांना वाळूत शंख सापडला. त्यांनी गवताची पाती घेऊन त्यात घालून पाहिली. टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असलेले पाते वळणे घेत खोलवर गेले. तारही तशीच असावयास हवी, हे तेथे ठरले. ज्यांचे बालपण रत्नागिरी-मालवणच्या वाळूत गेले त्यांनी हा खेळ अनेकदा खेळला असेल. शंखात काडी घालून आपण फार तर आतला किडा बाहेर काढला.

१ ऑगस्ट १९७८ रोजी क्लार्क यांनी रॉड सॉण्डर्स नावाच्या गृहस्थांवर शस्त्रक्रिया केली. मोटारीच्या अपघातात त्यांचे श्रवण गेले होते. पुढे जे घडले ते मी तीनदा वाचले. पहिल्या तपासणीच्या वेळी यंत्र सुरू केले. सॉण्डर्सना काहीच ऐकू आले नाही. सर्वांचे चेहरे उतरले. नंतर कळले की दोष तपासणीच्या उपकरणात होता. पुढल्या खेपेस ध्वनी पोचू लागला, तेव्हा एका शास्त्रज्ञाने त्या तारांवरून ‘गॉड सेव्ह द क्वीन’ची चाल वाजविली. सॉण्डर्स खुर्चीतून ताडकन उठून सावधान उभे राहिले. डोक्याला जोडलेल्या वायरी उपटून निघतात की काय अशी वेळ आली. वर्षाअखेर, उच्चारातील ठळक खुणा निवडून तेवढ्याच तारांवर पाठविण्याची पद्धत बसली, आणि ओठ न पाहता ते काही शब्द ओळखू लागले. क्लार्क शेजारच्या खोलीत जाऊन रडले. पाहा, अश्रू आले ते डॉक्टरांना, आणि तेही शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी. चित्रफितीत हा क्रम थोडा आखूड केलेला असतो.

त्या उभे राहण्याचा मी पुष्कळ विचार केला. तारांवरून सॉण्डर्सना जे मिळाले ते राष्ट्रगीत खासच नव्हते. थोडे चढउतार आणि थोडी लय एवढाच तो ऐवज. बाकीचे राष्ट्रगीत त्यांच्या डोक्यात आधीपासून होते. यंत्राने कडी वाजविली आणि आतल्या माणसाने दार उघडले.

पुढचा इतिहास बराचसा गणिताचा आहे, तो थोडक्यात सांगतो. व्हिएन्नात इंगेबोर्ग व एर्विन होखमायर या दांपत्यानेही १९७७ च्या डिसेंबरात आपले बहुतारी यंत्र बसविले होते. अनेक तारांवर एकाच क्षणी वीज सोडली की ठोके एकमेकांत मिसळतात. म्हणून ते पाळीपाळीने, पण अतिशय वेगाने द्यावेत, ही युक्ती अमेरिकेत ब्लेक विल्सन यांनी काढली व १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर साध्या संभाषणाला ओठांचा आधार घ्यावा न लागणारे पुष्कळ रोगी दिसू लागले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन या तिघांना २०१३ चे लास्कर पारितोषिक मिळाले. मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो रॉबर्ट शॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९५ चा प्रयोग. त्यांनी भाषणातील सगळे बारकावे पुसून फक्त चार पट्ट्यांची खरखर शिल्लक ठेवली आणि ती चांगल्या कानांच्या माणसांना ऐकविली. थोड्या सरावाने त्यांना वाक्ये कळू लागली. चार पट्ट्यांची खरखर! माझ्याजवळ तर बावीस टोकांची श्रीमंती होती. मग वैशाखातील त्या संध्याकाळी कमी पडले ते काय?

कमी पडला तो सराव, हे उत्तर मला माझ्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी हसतहसत दिले. त्या म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्थेत शिकलेल्या. ही संस्था १९६५ साली सुरू झाली. मुंबईच्या नायर रुग्णालयातही त्याच दशकाच्या मध्यास या विषयाचे शिक्षण चालू झाले. तत्पूर्वी आपल्याकडे बहिरेपणाचा विचार म्हणजे मूकबधिरांच्या शाळा. त्यांतील पहिली १८८५ साली मुंबईतच निघाली, ही गोष्ट आपल्याला अभिमानाने सांगता येते. इम्प्लांटची शस्त्रक्रिया भारतात रुळली ती १९९० नंतरच्या काळात. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने हे तिच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक. २०१४ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्याच वर्षापासून केंद्र सरकारने गरीब कुटुंबांतील मुलांसाठी या यंत्राचा खर्च उचलण्यास आरंभ केला. प्रारंभी ही मर्यादा मुलामागे सहा लाख रुपये होती, आणि योजनेचे काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे सोपविले गेले. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या बाबतीत काळाचे बंधन फार कडक असते. पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत यंत्र बसले तर मेंदू ध्वनीसाठी राखलेली जागा ध्वनीलाच देतो; उशीर झाला की ती जागा इतर कामांसाठी वाटून दिली जाते. सरकारी निवासस्थानांच्या वाटपाचा नियमही याहून निराळा नाही.

माझ्यासारख्याची गोष्ट वेगळी. मी साठी ओलांडीपर्यंत ऐकत होतो. चित्रकार सतीश गुजराल यांचे श्रवण आठव्या वर्षी गेले. दिल्लीत नोकरी केलेल्यांनी चाणक्यपुरीतील बेल्जियमच्या वकिलातीची त्यांनी उभारलेली इमारत पाहिली असेल. आमच्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. सुमारे सहा दशके शांततेत काढल्यावर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, त्यांनी ऑस्ट्रेलियात हे यंत्र बसवून घेतले. सहा दशकांच्या धुळीखालून आईचा शब्द काढायचा म्हणजे केवढे उत्खनन! त्यांच्या मानाने माझी धूळ दहा-बारा वर्षांची. पण ती झाडायची कोणत्या भाषेच्या केरसुणीने, हा प्रश्न मला राजाजीनगरात पडला.

कारण श्रवणाचे धडे शब्दांचे असतात. आरंभी ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, ‘म’, ‘श’, ‘स’ हे सहा ध्वनी पाठीमागून उच्चारून पाहतात. त्यांत भाषणातील खर्जापासून तारापर्यंतचा सारा पल्ला येतो. मग आकडे, मग वार, मग दोन-दोन जवळच्या शब्दांतून एक निवडणे. बाईंची भाषा कानडी, माझी मराठी, आणि मधला व्यवहार इंग्रजीत. मी कानडी बोलतो. पंचवीस वर्षांच्या कर्नाटकातील वास्तव्याने तेवढे शिकविले आहे. पण ती भाषा मी प्रौढपणी, कचेरीच्या टेबलावर शिकलो, आणि ते ज्ञान किती उथळ आहे हे यंत्राने उघडे पाडले. बाईंनी तोंडापुढे कागद धरून वार म्हणण्यास आरंभ केला. सोमवार, मंगळवार, बुधवार ही नावे दोन्ही भाषांत एकच, म्हणून भराभर ओळखली. पुढे त्यांनी एक वार म्हटला, मी ‘गुरुवार’ म्हणून उत्तर दिले. त्यांनी मान हलविली. पुन्हा म्हटला, माझे पुन्हा गुरुवार. शेवटी कागद खाली घेतला तेव्हा कळले, तो ‘भानुवार’ होता, कानडीतला रविवार. आवाज कानात आला होता. पण आत भानुवाराचे दार नव्हते, म्हणून तो शेजारच्या गुरुवाराच्या दारात गेला.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात मराठीची शाळा भरली. सौ. पाठमोरी उभी राहून भाजी चिरता चिरता शब्द टाकी आणि मी मागून सांगे. गाल की गाळ, पळ की फळ, मन की मळ. पहिल्या आठवड्यात ‘स’ आणि ‘श’ यांनी उच्छाद मांडला. ऱ्हास होत गेलेल्या कानात हेच बारीक ध्वनी प्रथम बुडाले होते. आता ते वर आले ते फुत्कारतच. सौ.च्या बांगड्या, फोडणीची मोहरी, वर्तमानपत्राची घडी, सारे ‘स’मय झाले. पुरुषांचे आवाज पोपटासारखे चिरके येत. त्याचेही कारण कागदांत मिळाले: तार शंखाच्या अगदी आतल्या टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे खर्जाचा निरोप उंच स्वरांच्या पत्त्यावर टाकावा लागतो. मेंदूला हा बदललेला पत्ता लक्षात ठेवण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. बदली झाल्यावर आपली पत्रे आधी जुन्या ठाण्यावर हिंडून येतात, तसेच ते. दर काही दिवसांनी बाई प्रत्येक टोकावरील विजेची खालची व वरची मर्यादा तपासून पुन्हा बसवीत. ज्येष्ठ संपता संपता शेंगदाणे कमी झाले. एके सकाळी दारावरून जाणाऱ्या बाईची आरोळी आली आणि मी वर न पाहता सौ.ला सांगितले, “हूवा आला, फूलवाली आहे.” शेजारच्या वृद्ध बाईंना आम्ही अक्का म्हणतो, कानडीतही तेच म्हणतात. त्या रोज कठड्यापलीकडून विचारतात, “ऊटा आय्ता?” जेवण झाले का? ते मला पहिल्याच आठवड्यात कळत होते, पण त्यात माझ्या कानाची शाबासकी नाही. त्या वेळी त्या दुसरे काही विचारीतच नाहीत.

संगीताविषयी लिहावे की नाही, याचा विचार करीत होतो. लिहितो. यंत्र भाषणासाठी घडविले आहे. स्वरांमधले बारीक अंतर बावीस टोकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. मिरजेचा तंबोरा माझ्या घरी आहे. तो लावून पाहिला. जवारीच्या जागी मधमाश्यांचे मोहोळ उठले. भीमसेनांचा अभंग लावला तर टाळ आणि ठेका स्वच्छ, इतका स्वच्छ की मात्रा मोजाव्यात. परंतु वर जो गात होता तो कोणी अनोळखी माणूस होता. भीमसेन माझ्या ओळखीचे आहेत, म्हणून मी त्याला भीमसेन मानून घेतो. कधी कधी, ओळीच्या शेवटी, तो क्षणभर खरोखर त्यांच्यासारखा वाटतो. बाई म्हणतात, वर्षभर ऐकत राहा. मी ऐकत आहे. या बाबतीत माझी तक्रार कायम आहे, आणि ती नोंदवून ठेवतो.

राहता राहिला टेलिफोन. ग्रॅहम बेल हा मूळचा बधिरांचा शिक्षक. त्याची आई बहिरी, पत्नी बहिरी. १८७६ साली त्याने टेलिफोन सिद्ध केला, आणि साऱ्या जगात ज्यांना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता अशी माणसे त्याच्याच घरात होती. फोनमध्ये ओठ नसतात. म्हणून नव्या यंत्राची ती सर्वांत अवघड परीक्षा. माझी थोरली बहीण, आमची खरी अक्का, कराडला असते. वय ब्याऐंशी. आमच्या राजाजीनगरातून बाहेर पडून तुमकूरच्या रस्त्याला लागले की तोच महामार्ग हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करीत तिच्या गावावरून साताऱ्या-पुण्याकडे जातो. मात्र तो प्रवास आता तिच्याच्याने होत नाही आणि माझ्याच्यानेही फारसा होत नाही. आठ वर्षे आम्ही फोनवर बोललो नव्हतो. तिचा नातू निरोप टाइप करून पाठवी. त्या निरोपांत सगळे असे, तिचा आवाज नसे. डोळ्यांनी वाचलेली अक्का हळूहळू नातवाच्या भाषेत बोलू लागली होती.

श्रावणात एका दुपारी फोन लावला. फोनचा आवाज आता थेट यंत्रात येतो, त्यामुळे खोलीतली मोहरी आणि बांगड्या मध्ये येत नाहीत. पलीकडे बराच वेळ खुडबुड झाली. मग काही चिरके शब्द आले, आणि त्यांच्या शेवटी एक हेल, वाक्य संपता संपता वर उचललेला. त्या हेलावरून शब्द उलटे उलगडत आले: “कोण, बंडू का रे?” मला बंडू म्हणणारे जगात आता एकच माणूस उरले आहे. मी म्हणालो, “होय अक्का, मी. जेवलीस का?” त्यावर ती बोलू लागली आणि थांबेना. आठ वर्षांचे साचलेले ती एका दमात सांगत होती. त्यातून मला वेचता आले ते एवढे: भाकरी, पाऊस, कृष्णेचे पाणी, प्रीतिसंगम, आणि आमच्या आईचे नाव. मधले दुवे निसटले. मी म्हटले, “अक्का, हळू बोल, पुन्हा सांग.” तिने पुन्हा सांगितले, पण निराळेच, एकदा सांगितलेले तेच सांगण्याची तिला पहिल्यापासून सवय नाही. चौदा मिनिटे झाली. शेवटी तिने मला अमुक वारी पुन्हा फोन कर म्हणून बजावले. तो गुरुवार होता की रविवार, हे मला नीट कळले नाही. विचारण्याची लाज वाटली. दोन्ही दिवशी करणार आहे.